जुनी गाडी : ठेवायची की काढायची?

कामं उरकून बसला असाल तर एक वही आणि पेन जवळ घ्या. आज हिशेबाचं बोलायचं आहे, आणि हिशेब आहे दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा.

बचत गटांच्या बैठकांसाठी मी गावोगाव फिरते. पूर्वी कर्जाची कारणं ठरलेली असायची. शेळी घ्यायची, शिलाई मशीन घ्यायची, मुलीची फी भरायची. आता "गाडीचं काम काढलंय" हे कारणही वरचेवर ऐकू येतं. कुणाची ओमनी, कुणाची जीप, कुणाची स्कूटी. मागच्या महिन्यात एका काकींनी विचारलं, "ताई, पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी ओढून नेतंय म्हणत्यात. खरं का? मग कशाला घालायचं तिच्यात पैसं?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला आमच्याच घरात शोधावं लागलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

वर्धनगडचा घाट

आमचं गाव माण तालुक्यात. मामंजींनी २००९ साली एक ओमनी घेतली. दिवाळीला माहेरवाशिणी आणायला तीच, रात्री-अपरात्री दवाखान्याला तीच, आणि गटाचा मसाला, शेवया, पापड बाजारात न्यायलाही तीच. मामंजी २०२१ साली गेले. गाडी चालू राहिली, पण तिच्याकडं बघणारं कोणी राहिलं नाही.

२०२३ च्या डिसेंबरात साताऱ्याला प्रदर्शन होतं. आमचे मालक गाडी चालवत होते, मागं आम्ही तिघी आणि मालाची पोती. पुसेगाव सोडून वर्धनगडचा घाट उतरताना मालक एकदम गप्प झाले. ब्रेकवर पाय दिला की तो खालपर्यंत जात होता. त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, पाय सारखा वर-खाली दाबत राहिले आणि डोंगराच्या बाजूला लावून कशीबशी थांबवली. खाली उतरल्यावर माझे पाय लटपटत होते. घरी लेकरं होती, हेच डोक्यात येत होतं.

अर्ध्या तासानं ब्रेक पुन्हा लागायला लागला. कोरेगावहून आलेल्या मिस्त्रीनं कारण सांगितलं. ब्रेकमधलं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. तेल जुनं झालं की त्यात पाणी साठतं. घाटात सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, आतलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. गार झालं की वाफ जिरते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या गाडीत ते पाच वर्षं बदललेलं नव्हतं. त्याचा खर्च आला आमच्या एक किलो कांदा-लसूण मसाल्याच्या किमतीएवढा.

त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. मालक म्हणाले, "उद्याच भंगारवाल्याला फोन करतो." आत्याबाई म्हणाल्या, "त्यांच्या हातची गाडी आहे, दारातून हलायची नाही." एकाला भीती वाटत होती, दुसऱ्याला माया. आकडा मात्र कुणाकडंच नव्हता. मी गटांना पंचसूत्री शिकवते, त्यातलं एक सूत्र म्हणजे नियमित हिशेब लिहिणं. आणि माझ्याच घरात गाडीची वही नव्हती.

आधी गैरसमज काढू

पंधरा वर्षांची गोष्ट आधी संपवू. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागात प्रदूषणामुळं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली. तीच बातमी मोबाईलवर फिरत आपल्यापर्यंत आली. तो नियम आपल्या साताऱ्या-सांगलीचा नाही. २०२१ साली केंद्राचं गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आलं, पण खासगी गाडीला त्यात वयाची सक्ती नाही. सरकारच्या स्वतःच्या १५ वर्षांवरच्या गाड्या मात्र १ एप्रिल २०२३ पासून बाद झाल्या.

आपल्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवायची. गाडी ठीक असेल तर पुढच्या ५ वर्षांची नोंदणी मिळते, आणि ती संपल्यावर पुन्हा ५ वर्षांची. अर्जाचा नमुना २५ नंबरचा. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत तो भरता येतो.

फुकट मात्र काही नाही. कारची ही फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. दुचाकीची ३०० वरून १,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांची फी आणखी वाढली, कारला १०,००० आणि दुचाकीला २,०००. उशीर केला तर कारला महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये जादा लागतात. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर आहे. आम्ही पेट्रोलच्या ओमनीला पाच वर्षांचे ३,००० भरले. नव्या पद्धतीची नंबरप्लेटही १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना बसवायची आहे. कारला तिचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी. हे आकडे बदलत असतात, म्हणून जाण्याआधी ई-सेवा केंद्रात परिवहनच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

थोडक्यात, सरकार गाडी ओढून नेत नाही. पण जुनी गाडी ठेवायची किंमत वाढली आहे. ती किंमत परवडते का, हे वही सांगते.

गाडीची वही

म्हैस भाकड झाली की आपण काय करतो? नुसत्या वयावर तिला विकत नाही. वैरण किती खाते, गाभण आहे का, विल्यावर दूध किती देईल, हे बघतो. गाडीचंही तसंच बघायचं.

गॅरेजच्या चिठ्ठ्या, मालकांची आठवण आणि माझी डायरी यांवरून मी एका वर्षाचा खर्च मांडला. दोनदा सर्व्हिसिंग ५,२००. दोन टायर ६,४००. बॅटरी ४,२००. क्लचप्लेट ४,८००. पीयूसी, पंक्चर, बल्ब, फॅनबेल्ट असलं किरकोळ २,९००. थर्ड पार्टी विमा जीएसटी धरून सुमारे २,५००. एकूण २६,०००. म्हणजे महिन्याला साधारण २,१७० रुपये. पेट्रोल यात धरलं नाही, कारण ते कुठल्याही गाडीला लागतंच.

पुढची पाच वर्षं गाडी चालवायची तर काय काय लागेल, हे दोन गॅरेजमध्ये विचारलं. इंजिनकाम २२,०००. पत्र्याचं वेल्डिंग ६,०००. चारी चाकांचं ब्रेककाम ४,५००. नोंदणी आणि पर्यावरण कर ८,०००. बेरीज ४०,५००. पाच वर्षांचे ६० महिने, म्हणजे महिन्याला ६७५. दोन्ही मिळून २,८४५ रुपये झाले.

दुसऱ्या पानावर नवी गाडी. ४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो सुमारे ८,५००. पाच वर्षांत आपण ५ लाख १० हजार फेडतो, म्हणजे १ लाख १० हजार नुसतं व्याज. त्यावर नव्या गाडीचा मोठा विमा. नवी गाडी पेट्रोल कमी खाते आणि मध्येच बंद पडत नाही, हे खरं. पण महिन्याला साडेपाच हजारांचा फरक भरून काढायला किती किलो मसाला विकावा लागेल?

तिसरं पान बहुतेक जण लिहीतच नाहीत. गाडीच ठेवायची नाही. लागेल तेव्हा भाड्यानं करायची. आमच्याकडं बाजाराच्या एका खेपेला टेम्पोवाला १,५०० घेतो. महिन्यात एकच खेप असेल तर टेम्पोच स्वस्त. दोन खेपांना हिशेब बरोबरीला येतो. आम्हाला चार खेपा लागतात, शिवाय घरचं काम आणि दवाखाना वेगळा. म्हणून आमच्या वहीत जुनी गाडी पुढं निघाली. तुमच्या वहीत वेगळं निघेल, आणि ते तुमच्यासाठी बरोबर असेल.

मग वाटतं, त्या इंजिनकामाच्या पैशात सेकंडहॅंड गाडी का घेऊ नये? घेता येते. पण आपल्या गाडीची दुखणी आपल्याला माहीत असतात. दुसऱ्याची जुनी गाडी घेणं म्हणजे अनोळखी दुखणं पैसे देऊन घरात आणणं. घ्यायचीच असेल तर ओळखीच्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

वहीच्या वर एक नियम

वही कितीही गाडीच्या बाजूनं बोलली तरी एक नियम तिच्या वर आहे. ज्या गाडीत लेकरं बसतात तिचा ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि खालचा पत्रा धड असलाच पाहिजे. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. या चार गोष्टी बिघडल्या तर ती थांबत नाही, किंवा मोडते.

हे तपासायला मिस्त्रीच लागतो असं नाही. आपल्यालाही बरंच दिसतं.

पायाखालचं मॅटिंग उचला. पत्र्यावर फोड आलेत का बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भुगा पडला किंवा टोक आत गेलं तर पत्रा सडलाय. मागचे पाटे खाली जिथं अडकवलेत ती जागा जरूर बघा. वरचा गंज दिसायला वाईट दिसतो, खालचा गंज घात करतो.

टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानं कडक होतं आणि त्याला भेगा पडतात.

सकाळी गाडी चालू केल्यावर धूर बघा. निळा धूर सारखा येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, इंजिनकाम जवळ आलंय. काळा असेल तर पेट्रोल जादा जळतंय. पांढरा दाट धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर रेडिएटरचं पाणी इंजिनात जात असावं. अशी गाडी चालवू नका.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्यांच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वॉशर दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा. पेट्रोलचा वास आला तर दुर्लक्ष करू नका.

कृष्णाकाठची गाडी

आमच्या माणात पाऊस कमी. त्याचा एवढाच फायदा की गाडीचा पत्रा टिकतो. माझं माहेर सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. तिथली गोष्ट उलटी आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या दादाची जुनी डिझेल गाडी चार दिवस सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्यानं घाईनं चावी फिरवली. ही चूक कधी करू नका. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही आणि आतला दांडा वाकतो. बुडालेली गाडी ढकलत किंवा ओढून गॅरेजला न्यायची. त्याचा विमा थर्ड पार्टी होता, त्यात पुराचं नुकसान मिळत नाही. ६०,००० चं काम निघालं, त्यानं कर्ज काढून केलं.

पुढच्या वर्षी वायरिंग गेली. मग सेल्फ गेला. दर वेळी दादा म्हणायचा, "आता एवढे घातलेत, अजून थोडे घालू." बोअरचं असंच होतं ना? तीनशे फुटांवर पाणी नाही, मग अजून शंभर फूट, मग अजून पन्नास. गेलेला पैसा परत येत नाही. पुढच्या खर्चातून काय मिळणार, एवढंच विचारायचं. तीन वर्षांत त्याचे १ लाख १० हजार गेले. शेवटी मिस्त्रीनं गाडी वर घेऊन दाखवलं, चेसीत स्क्रूड्रायव्हर आरपार जात होता. पाणी आतल्या पोकळीत राहून पत्रा आतून सडला होता.

ती गाडी काढणंच बरोबर होतं. तिचं वय आमच्या ओमनीपेक्षा कमी होतं, हे लक्षात ठेवा.

कागद कुणाच्या नावावर?

दादानं गाडी गावाकडच्या भंगारवाल्याला दिली, पैसे घेतले आणि विषय संपला असं समजला. वर्षभरानं त्याच्या मोबाईलवर ई-चलन आलं. त्याच नंबरची पाटी लावून कुणीतरी दुसरी गाडी फिरवत होतं. आरसी बुक दादाच्याच नावावर, ते रद्दच झालं नव्हतं. ते निस्तरायला त्याला किती खेटे पडले, विचारू नका.

गाडी मोडीत काढायची तर सरकारनं नोंदणी दिलेल्या मोडीत केंद्रात द्या. तिथं गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर आरसी रद्द करून घेता येते, आणि नवी गाडी घेताना करात सवलत मिळते.

गाडी विकायची तर नमुना २९ आणि ३० भरून, घेणाऱ्याच्या नावावर गाडी झालेली डोळ्यांनी बघा. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक. तिथं गाडी हातोहात विकली गेली होती, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर आली. म्हणून "पैसे मिळाले, नाव नंतर करू" असं कधी म्हणू नका.

आणि घरातला मालक वारला असेल तर? आमचं चुकलं ते इथंच. नियम असा की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आम्ही दोन वर्षं मामंजींच्याच नावावर गाडी चालवली, विमाही त्यांच्याच नावानं भरला. वर्धनगडला काही झालं असतं तर विम्यासाठी कुणाच्या दारात उभं राहिलो असतो, या विचारानं अजून अंगावर काटा येतो. आता आरसीवर वारसदाराचं नाव आधीच लावता येतं, २०२१ पासून ती सोय आहे. बायकोचं नाव लावून ठेवा म्हणावं.

एक सावधानता गटांसाठी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं फिरवता येत नाही. वडाप केलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आमच्या गाडीतून आम्ही आमचा माल नेतो, पेट्रोल मिळून घालतो, पण भाडं घेत नाही. धंदा म्हणूनच गाडी चालवायची असेल तर पिवळ्या पाटीची रीतसर परवान्याची घ्या.

गॅरेजमध्ये आपणही उभं राहू

पहिल्यांदा गॅरेजला गेले तेव्हा मिस्त्री प्रश्नाचं उत्तर मला न देता मालकांकडं बघून द्यायचा. मी वही उघडली आणि विचारलं, "क्लचप्लेट कधी बदलली होती, मी सांगू का?" त्यानंतर तो माझ्याशीच बोलायला लागला. काम सांगताना अंदाजपत्रक लिहून घ्या. काढलेला पार्ट परत मागा. बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या. यात भांडण्यासारखं काही नाही. किराणाच्या दुकानात आपण वजनकाट्याकडं बघतोच की.

गाडी चालवणारा घरात एक असतो, पण तिचा हप्ता, तिचं पेट्रोल आणि तिचा धोका सगळ्या घरावर असतो. गटाचं कर्ज घेऊन गाडीचं काम होणार असेल तर ते फेडणार कोण? आपणच ना? मग ठरवताना आपण चुलीपाशी का बसायचं?

तर मैत्रिणींनो, वहीत तीन प्रश्न लिहून घ्या. पहिला, ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि खालचा पत्रा धड आहे का? धड नसेल आणि दुरुस्त होत नसेल तर पुढचं काही विचारू नका, गाडी काढा. दुसरा, पुढच्या पाच वर्षांचा महिन्याचा खर्च किती, आणि तो हप्त्यापेक्षा आणि भाड्याच्या गाडीपेक्षा कमी आहे का? तिसरा, कागद जिवंत माणसाच्या नावावर आहेत का? तिन्ही उत्तरं समोर आली की माया आणि भीती आपोआप बाजूला बसतात.

आमच्या घरी तसंच झालं. ब्रेककाम आणि पत्र्याचं काम आधी केलं, इंजिनकाम गटाच्या कर्जातून सहा महिन्यांनी केलं, ते फेडूनही झालं. २०२४ साली नोंदणी २०२९ पर्यंत वाढवून मिळाली. वही भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. एका वर्षाचा खर्च ४५,००० च्या वर गेला तर पुन्हा बसून विचार करायचा, असं पहिल्याच पानावर लिहिलंय.

आणि आरसीवर आता आत्याबाईंचं नाव आहे. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण मालक व्हायला लायसन लागत नाही. कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "ब्रेकचं तेल कधी बदलायचंय, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेव."

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गाडीची वही घेऊन या. स्कूटी असली तरी चालेल.